पारीची जाडी

देवास, भाद्रपद शुद्ध षष्ठी

आज सकाळी गणपतीच्या मंडपात सईच्या हातातून माइक घेतला आणि खोटं बोललो. देवासमोर.

सई माझी भाची, अणुकेंद्राचं गणित करते. मंडळींना किती छान सांगत होती! शिशाच्या अणुकेंद्रात प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन जास्त, त्यातले काही कडेला सरकतात. मोदकाच्या पारीसारखं पातळ आवरण. त्याची जाडी कळली, तर आकाशातले न्यूट्रॉनचे तारे केवढे असतील याचा अंदाज येतो. कोणी विचारलं, पारी किती जाड? ती म्हणाली, "नक्की माहीत नाही. प्रयोग आणि गणित अजून जुळत नाहीत."

मागून हशा. "क्या भिया, भानजी को इतना पढ़ाया, फिर भी पता नहीं?"

मला तिची लाज वाटली. तिची! म्हणून मी ठोकून दिलं, हे सगळं आपल्या ऋषींनी श्लोकात लिहून ठेवलंय. टाळ्या पडल्या.

जेवताना तिने विचारलं, "मामा, तो श्लोक सांगा ना. मला खरंच बघायचाय." थट्टा नव्हती. पानातल्या मोदकाची पारी मोडवेना. श्लोक कुठला? रोज स्तोत्र म्हणणाऱ्या तोंडाने... "माहीत नाही" एवढं तिला जमलं, मला का नाही?

संध्याकाळी आरतीनंतर माइक मागून घेतला. म्हणालो, "असा श्लोक मला माहीत नाही. सकाळी मी खोटं बोललो. पारीची जाडी सईलाही माहीत नाही, पण ती शोधते आहे." कोणी टाळी वाजवली नाही. माइक सईच्या हातात दिला आणि खाली सतरंजीवर जाऊन बसलो.