जाऊबाईंनी दिलेली रॅकेट

३ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाईंनी आज मला रॅकेट दिली. स्वतःहून. अकरा वर्षांत या बाईंनी मला स्वतःहून काही दिल्याचं आठवत नाही — सल्ले सोडून.

डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितलाय. चालायचा कंटाळा, म्हणून टेनिस. काल जेवताना यांनी ते सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बरं झालं, दोघी मिळून जात जा." जाऊबाई वाढत होत्या. डाव हवेतच थांबला, मग पुन्हा चालू.

त्या सात वर्षं सकाळी सहाला कोर्टवर जातात. क्लबची स्पर्धा दोनदा जिंकल्यात. आज वर आमच्या मजल्यावर आल्या, रॅकेट टेबलावर ठेवली. "नवीन कशाला घेतेस? ही वापर, चांगली आहे." पाणीसुद्धा न घेता जिना उतरल्या.

काळी, देखणी रॅकेट. मला आनंद व्हायला हवा होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा दिवस. चेंडू एकतर जाळीत, नाहीतर दांडीवर लागून भलतीकडेच. हातात हातोडा धरल्यासारखं वाटतं.

कोचने रॅकेट हातात घेऊन तोलली. "ही कुणी दिली?" मी सांगितलं. त्याने पलीकडच्या कोर्टवर जाऊबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं."

हं म्हणजे काय?

मग म्हणाला, "ही मुरलेल्या खेळाडूची आहे. जड, तोंड लहान. चेंडू बरोबर मधोमध लागला तरच जातो. तुम्हाला हलकी हवी, मोठ्या तोंडाची." आणि खिशातून एका दुकानाचं कार्ड काढलं. तयारच होतं! मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते. अशी कार्डं कुणाच्या खिशात का असतात, ते मला कुणी शिकवू नये.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोपर दुखतंय. कुणाला सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कोर्टवर जाऊबाई वेगळ्याच दिसतात. मोठ्याने हसतात. बाकीचे त्यांना 'कॅप्टन' म्हणतात आणि त्या 'ओ' देतात. घरात या बाईंचे दात दिसलेले नाहीत कधी.

आज पाणी प्यायला त्यांच्या बाकाजवळ गेले, तर चौघी बोलायच्या थांबल्या. माझ्याबद्दलच चाललं असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवताना हात थरथरला. स्क्रू फरशीवर. सापडला, पुन्हा पडला. गिऱ्हाईक समोर उभं. मालकांनी चष्मा माझ्या हातातून काढून घेतला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. हात गेला तर माझ्याकडे राहतं काय?

कुणी आपला जुना चष्मा दुसऱ्याला दिला, तर मी पहिलं विचारते — नीट दिसतंय ना? नऊ दिवस झाले. जाऊबाईंनी एकदाही विचारलं नाही, जमतंय का.

यांना म्हटलं, मला काहीतरी वेगळाच वास येतोय. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. वहिनीने प्रेमाने दिली असेल."

प्रेमाने. असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कार्डावरच्या दुकानात गेले. फसायचं नाही असं ठरवूनच. म्हाताऱ्या दुकानदाराने गळ्यात भिंग अडकवलं होतं. त्याच्या चष्म्याचा नंबर कधीच बदलून गेलाय, पण ते जाऊ दे.

रॅकेट पुढे केली. त्याने तारांवर तळवा दाबला. "हे गटिंग माझंच आहे, तारा मीच ओढल्यात. याच महिन्यातलं."

"याच महिन्यातलं?"

"हो. तीन तारखेला, सोमवारी सकाळीच कॅप्टनबाई घेऊन आल्या होत्या. आधीच्या तारा ठीक होत्या, तरी म्हणाल्या, नवीन घाला, आणि कडक ओढा. मी विचारलं, कोण खेळणार? म्हणाल्या, नवीन शिकणारी आहे. मी म्हटलं, मग सैल ठेवू, नाहीतर हाताला झटके बसतील. नाही म्हणाल्या. कडकच."

मी रॅकेट परत हातात घेतली.

त्याने माझा हात उलटसुलट पाहिला. मुठीत रॅकेट धरायला लावली. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावायला हवं म्हणे. माझं दीड बोट मावत होतं. "रॅकेटची मूठसुद्धा तुमच्या मापाची नाही. तुम्ही ती सारखी आवळून धरता, म्हणून कोपर दुखतंय." मी कोपराचं बोललेच नव्हते. बुटांकडेही पाहिलं. "हे सरळ पळायचे. इथे आडवं पळायचं असतं, पाय मुरगळेल."

आता विकणार, असं मला वाटलं. तर त्याने एक हलकी, रुंद तोंडाची, मऊ तारांची रॅकेट काढून दिली. "आठ दिवस वापरा. नाही पटली तर आणून द्या." एक पैसा घेतला नाही.

म्हणजे कोच सरळ निघाला. दुकानदारही सरळ. उरलं कोण?

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळे एकत्र जेवलो. जाऊबाईंनी मला आग्रह करून वाढलं. त्यांच्या हाताकडे बघत बसले. याच हातांनी रॅकेट दुकानात नेली, कडक करून आणली, वर माझ्या टेबलावर ठेवली.

का पण? माझं हसं व्हावं म्हणून? सासूबाईंनी माझं कौतुक केलं असतं म्हणून? मी त्यांचं काय खाल्लंय?

यांना सांगितलं नाही. म्हणतील, दुकानदाराचं ऐकण्यात चूक झाली असेल तुझी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन रॅकेट. सलग सात चेंडू पलीकडे गेले! मीच मोजले. कोच म्हणाला, "आता कसं." हात हलका, कोपर गप्प.

जाऊबाई पलीकडून बघत होत्या. त्यांचा स्वतःचा सोपा चेंडू सुटला. आता पोटात दुखणारच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भाषण तयार आहे. दुकानात चष्मे पुसता पुसता घोकलं. "जाऊबाई, मला सगळं कळलंय" इथून सुरुवात. आवाज चढवायचा नाही. तारीख सांगायची, दुकानदाराचे शब्द सांगायचे आणि काळी रॅकेट त्यांच्या बाकावर ठेवून निघून यायचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाकावर काळी रॅकेट ठेवली. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "हो, मुद्दामच दिली. वाटलं, आठ दिवसांत कंटाळून सोडशील." बुटाची नाडी सोडत होत्या, वर पाहिलं नाही. "घरात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. सहा ते सात एवढाच वेळ मला कुणी सून म्हणत नाही, वहिनी म्हणत नाही, आई म्हणत नाही. तू आलीस आणि अख्खं घर इथे आलं." मग हळूच, "हात फार दुखला का गं?"

मी नाही म्हटलं.

कोचला सांगून सकाळऐवजी संध्याकाळची वेळ घेतली. घरी विचारलं तर दुकानाचं कारण सांगेन.