किशोरला आणायला

४ मार्च २००५, गंगापूर रोड
अमेरिकेचा व्हिसा आला. किशोर तिकडेच वारला त्याला दोन महिने झाले. अस्थी सुनेकडे, स्नेहलकडे आहेत. आणून रामकुंडात सोडणार. भांडी बाजारातून झाकणाचा तांब्याचा लोटा घेतला. धाकटा भाऊ रंगनाथ म्हणाला, दादा, बाँब समजतील. त्याला विमानतळाचं काय माहीत.

१२ मार्च, मुंबई विमानतळ
जवानाने रिकामा लोटा पाहिला, कशाला ते विचारलं. सांगितलं. कपाळाला हात लावून म्हणाला, जाओ बाबा. माणुसकी सगळीकडे सारखीच. रंगनाथला ऐकवायचं.

२० मार्च, स्नेहलचं घर
अस्थी प्लॅस्टिकच्या डब्यात! स्नेहल म्हणाली, अण्णा, धातूच्या आतलं विमानतळाच्या मशीनला दिसत नाही, म्हणून दहनवाल्यांनी मुद्दाम हा दिलाय. म्हटलं, पोरगा काय लोणचं आहे? लोट्यात भरल्या. सांडू नये म्हणून झाकणाला एम-सील. दगड झाला. मूठभर तरी मला ठेवा, म्हणाली. अर्धा मुलगा सोडत नाहीत, म्हणालो. आत निघून गेली. समजूतदार आहे.

२५ मार्च, तिथला विमानतळ
बूट काढायला लावतात. देवळासारखं. काळजीचं कारण नाही.

त्याच दिवशी, विमानात
पडद्यावर लोट्याचा नुसता काळा गोळा दिसला. पुन्हा फिरवला, तेच. तपासणीची बाई सर, सर म्हणत होती, आवाज चढवला नाही. उघडा म्हणालो. म्हणाली, अस्थींना आम्ही हात लावत नाही, सर, तुम्ही सांगितलं तरी. आतलं दिसल्याशिवाय सोडताही येत नाही. मोठ्या सामानात द्या. बॅगांच्या ढिगात किशोर? जमणार नाही. स्नेहल बाहेर थांबली होती. लोटा तिच्या हातात दिला. नाशिकला सांगायचं, तिची इच्छा होती म्हणून ठेवला. खरं तेच आहे.

२७ मार्च, नाशिक
रंगनाथने गुरुजी सांगून ठेवले होते. नको म्हणून कळवलं. सुनेची इच्छा, म्हणालो. तो म्हणाला, दादा, तुझं बरोबर आहे. पहिल्यांदाच म्हणाला.

६ एप्रिल
सकाळी स्नेहलचा फोन. झाकण निघेना, हातोडी घ्यावी लागली. किशोरच्या मित्रांना घेऊन तिथल्याच नदीत अस्थी सोडल्या. म्हटलं, मी तेच सुचवणार होतो. तिने विचारलं, अण्णा, रडताय का? लाइन खराब आहे, म्हणालो.
कुकर लावला. एकट्याला अर्धी वाटी तांदूळ पुरतो.