जाणाऱ्याचा फोटो

मी, निर्मला दिनकर आठल्ये, वय शहात्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार सॉल्ट लेक, कोलकाता, गुडघे सोडून बाकी सगळं जागेवर असताना, कोणी सांगितलं म्हणून नव्हे आणि कोणी रागावेल म्हणूनही नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. आमचे वकील विनायकराव मोडक याचं इंग्रजी करून घेणार आहेत, कारण इथल्या कोर्टाला मराठी कुठून कळणार; पण दोन्हींत फरक पडला तर मराठीतलंच खरं मानावं. इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही विनायकरावांनीच करायची आहे. त्यांनी हो म्हटलं आहे, तेव्हा त्यांना कलमं माहीत नव्हती.

माझे पती दिनकर, ज्यांना मी जन्मभर ‘हे’ म्हणत आले आणि इथेही तसंच म्हणणार आहे, रेल्वेच्या गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत होते. ते सात वर्षांपूर्वी गेले. मुलगा अजेय पुण्याला असतो. मुलगी आभा इथेच, दोन गल्ल्या पलीकडे. आभाची लेक नूपुर कॉलेजात आहे. अजेय आणि आभा, हे गेल्यापासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. अजेय मला भेटायला येतो तेव्हा आभा येत नाही. ती डबा नूपुरबरोबर पाठवते, आणि त्या डब्यात दादाला आवडतात म्हणून साटोऱ्या असतात. अजेय त्या खातो आणि कोणी केल्या ते विचारत नाही. असला पोरखेळ चालला आहे. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. घर आणि पैसे हे निमित्त.

कलम १. सॉल्ट लेकचा फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते दोघांना निम्मं निम्मं. विकावा की ठेवावा हे दोघांनी बसून ठरवावं. ‘बसून’ या शब्दाखाली विनायकरावांनी रेघ मारावी.

कलम २. माझ्या दोन पाटल्या आणि ह्यांची हत्यारांची पेटी नूपुरला. पेटीतले बारीक स्क्रूड्रायव्हर कॅमेऱ्यासाठी आहेत, त्यांनी रंगाचे डबे उघडू नयेत. नूपुर मराठी अडखळत वाचते, म्हणून हा सगळा कागद तिला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. माझं पुरणयंत्र महाराष्ट्र मंडळातल्या मंजुषा देव यांच्याकडे गेली कित्येक वर्षं आहे. ते आता त्यांनाच दिलं असं समजावं. मात्र देताना मी हसत नव्हते हे त्यांना कळवावं.

कलम ३. लगेच फोटो देणारा कॅमेरा. हा नूपुरचा. पण तो कसा वापरायचा याचा आमच्या घरी एक नियम आहे, आणि तो कॅमेऱ्याबरोबर तिच्याकडे जाईल.

आम्ही गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा खिदिरपूरच्या बाजारात जहाजावरून उतरलेल्या वस्तू मिळत. कशा उतरत ते मला विचारू नये. तिथे ह्यांना हा कॅमेरा मिळाला. बटण दाबलं की घर्रर्र करून समोरून एक जाड, पांढरा कागद बाहेर यायचा आणि बघता बघता त्यात आधी कोणाची तरी बाही, मग दात, मग सगळा माणूस उगवायचा. फिल्म महाग आणि मिळायची मारामार. म्हणून हे उठसूट फोटो काढत नसत. आमच्या आसपासची मराठी घरं बदलीवरची. रेल्वे, बँका, सरकारी कचेऱ्या. कोणी रायपूरहून आलेला, कोणी मुंबईहून, आणि मुलांना जरा बंगाली बोलता यायला लागलं की पुन्हा बदलीचा हुकूम. ज्या घराची बदली होईल त्यांना आम्ही जेवायला बोलवायचो आणि मग पायरीवर सगळ्यांचा एक फोटो. या फोटोला निगेटिव्ह नसते. दुसरी प्रत निघत नाही. जो आहे तो आहे. ह्यांनी पहिल्याच वेळी ठरवून टाकलं, “फोटो जाणाऱ्याचा. आपण काय, इथेच आहोत.”

आणि हलवायचा नाही. लोकांना वाटतं तो हलवला की लवकर येतो. काही येत नाही, उलट बिघडतो. मंजुषाबाईंनी एकदा आमचा अख्खा संक्रांतीचा फोटो थर्मामीटरसारखा झटकला आणि त्यात माझ्या तोंडावरून पांढरा ओघळ गेला. असो. त्याला उजेड नको आणि ऊब हवी. इथल्या पौषातल्या गारठ्यात तो निळा पडून राहतो. म्हणून जाणाऱ्याने एक तळहात द्यायचा, राहणाऱ्याने एक, आणि दोघांच्या मध्ये फोटो धरून उभं राहायचं, चहा गाळून होईपर्यंत. या वेळात कोणालाही फार बोलता यायचं नाही. एवढे भांडकुदळ शेजारी, पण हात सोडताना रडायचे.

त्या सगळ्या फोटोंत मी आहे आणि त्यातला एकही माझ्याकडे नाही. पाहुण्या विचारत, अल्बम नाही का हो घरात? नाही. दुपारी आडवी झाले की मी एकेका घरी जाऊन येते. नागपूरला कोणाच्या तरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली, मी अजून तिशीची आहे. इंदूरला माझ्या कडेवर आभा आहे, तिचा एक मोजा पडलेला आहे. बिलासपूरला आमची पायरी पिवळट झाली आहे आणि मागे नदीवरच्या जहाजाचा भोंगा वाजतो आहे. फोटोत भोंगा येत नाही, मला माहीत आहे. पण मला ऐकू येतो, आणि मी कुशीवर वळते, आणि अजून कोणीच कुठे गेलेलं नसतं.

कलम ४. मिळकत नसलेल्या वस्तूबद्दल. विनायकराव म्हणाले, जी वस्तू अस्तित्वात नाही तिचं कलम कसं करता येईल? मी म्हटलं, भांडण अस्तित्वात आहे ना?

त्र्याऐंशी साली ह्यांना काही महिने चक्रधरपूरला पाठवलं. तेव्हा जाणारे हेच. म्हणून फोटो मी काढला, आणि म्हणूनच त्यात हे आले. एरवी हे कायम कॅमेऱ्यामागे. पायरीवर हे उभे, खांद्यावर पाच वर्षांचा अजेय, त्याने ह्यांचे दोन्ही कान हँडलसारखे धरलेले. आभाला ताप होता, ती आत झोपलेली. मग हात मी दिला आणि ह्यांनी दिला. हे परत आले तेव्हा फोटो खिशात परत आला. गेलेल्यांपैकी परत आलेला तेवढाच. पुढे जन्मभर तो ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट धुवायला टाकताना आधी मी खिसा चाचपायची.

हे गेले ते ऐन वैशाखात. अजेयचं विमान उशिरा आलं. उकाडा असा की जास्त वेळ ठेवणं शक्य नव्हतं, डॉक्टरच म्हणाले, आता नेऊ या. निघताना आभाने तो फोटो ह्यांच्या खिशात ठेवला. मी तिथेच होते. मी नको म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. अजेय थेट स्मशानात पोचला तेव्हा सगळं झालं होतं. घरी आल्यावर त्याने सगळ्यात आधी तो फोटो मागितला.

आभा म्हणाली, “दादा, तो बाबांबरोबर दिला. आपला नियम आहे ना. त्यांना एकटं कसं पाठवायचं?”

अजेय म्हणाला, “माझा होता तो. बाबांच्या खांद्यावर मी होतो. तू त्यात नव्हतीस, म्हणून तुला जाळता आला.”

बस्स. एवढंच. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. मोबाइलमध्ये ह्यांचे फोटो ढिगाने आहेत, हसणारे, जांभई देणारे, मोदक खाणारे. अजेयला त्यातला एकही नको. त्याला कान धरलेले हवेत. मला त्याचं समजतं. आभाचंही समजतं. दोघंही बरोबर आहेत म्हणून तर मला दोघांचाही संताप येतो. चूक असते तर एकाचा कान पिळून मोकळी झाले असते.

कलम ५. खेळण्यातला कॅमेरा. हा दुसरा. काळ्या प्लास्टिकचा, हलका, साबणाच्या डबीसारखा वाजणारा. ह्यांना निवृत्तीनंतर याचं वेड लागलं. याच्या भिंगापासून पाठीपर्यंत सगळं खोटं वाटतं, आणि फोटो असे येतात की डोळे किलकिले करून पाहिलेलं जग असावं. कडा काळोख्या, मधोमध कोणीतरी, आणि फटीतून घुसलेल्या उजेडाची तांबडी जीभ. फटी बंद करायला मी सियालदहहून काळी पट्टी आणून दिली, तर हे म्हणाले, “अगं, सगळ्या नको बुजवू. थोडा उजेड चुकून येऊ दे.”

याच्यात बटण दाबल्यावर फिल्म आपली आपण सरकत नाही. चक्री फिरवावी लागते. विसरलं तर एकाच चौकटीवर दुसरा फोटो बसतो. हे जाण्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही मेटियाब्रुझच्या घाटावरून होडीने पलीकडे बोटॅनिकल गार्डनला गेलो. होडीत हे समोर बसले होते, मफलर नाकापर्यंत. मी हट्टाने कॅमेरा घेतला आणि ह्यांचा फोटो काढला. हे म्हणाले, “चक्री फिरवलीस का?” मी म्हटलं, “गप्प बसा.” मग मी नदीचा काढला, मग पाण्यावर उडणाऱ्या कावळ्यांचा. चक्री फिरवली की नाही, मला खरंच आठवत नाही. म्हणजे ह्यांच्या छातीतून नदी वाहत असेल. किंवा मफलरमधून कावळे निघत असतील. किंवा काहीच नसेल, इथल्या दमट हवेने सगळी फिल्म खाल्ली असेल. ती अजून कॅमेऱ्यात आहे. मी धुवायला दिली नाही. धुतली आणि कोरी निघाली तर? न धुता आहे तोवर हे होडीत बसलेले आहेत आणि पलीकडचा काठ अजून यायचा आहे. मला तेवढं पुरतं. खूप पुरतं.

तर हा कॅमेरा मी आभाला देत आहे. आणि कॅमेऱ्याच्या आतली फिल्म अजेयला.

विनायकराव म्हणाले, “वहिनी, हे कलम टिकणार नाही. एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूच्या पोटात?” मी म्हटलं, “टिकवायचंय कोणाला? उघडायचंय.” फिल्मवर काही चौकटी शिल्लक आहेत. त्या संपल्याशिवाय कॅमेरा उघडायचा नाही, उजेड घुसेल आणि असेल तेही जाईल. तेव्हा आधी दोघांनी मिळून त्या संपवाव्यात. कशाचे फोटो काढायचे ते सांगत नाही. चक्री फिरवायची की नाही तेही सांगत नाही.

कलम ६. माझा मोठा करून, चौकट लावून, हार घातलेला फोटो भिंतीवर लावू नये. आधार कार्डावरचा तर मुळीच नाही. त्यात मी पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसते.

कलम ७. शेवटचं. हे नीट वाचावं.

कलम तीनमधल्या कॅमेऱ्यात एक फोटो शिल्लक आहे. ही फिल्म नूपुरनेच मागवली होती, आता मिळते म्हणे घरबसल्या. सगळे उडाले, एक मी राखला. तिने वाढदिवसाला मागितला, मी दिला नाही. शेजारच्या सुपर्णा म्हणाल्या, “दीदी, तुमचाच एक छान काढून ठेवा.” तेही नाही. फिल्मची तारीख उलटून गेली आहे, रंग फिके येतील. चालेल.

मी गेले की अजेय पोचेपर्यंत मला हलवू नये. वैशाख असो की काही असो. बर्फ आणावा, लागेल तेवढा आणावा, शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार करू नये. अजेय आला की आभाने आणि त्याने माझ्या दोन बाजूंना बसावं. मी आडवी असले तरी मध्ये मीच. नूपुरने फोटो काढावा. मोबाइलवर कोणीही काढू नये. काढलाच तर विनायकरावांनी तो आपल्या डोळ्यांसमोर पुसायला लावावा.

कागद बाहेर आला की हलवू नका. त्याला ऊब लागेल. नियमाप्रमाणे एक तळहात जाणाऱ्याचा हवा, पण मी थंड असणार, बर्फावरची. माझा हात उपयोगाचा नाही. म्हणून एक तळहात अजेयने द्यावा आणि एक आभाने. चहा गाळून होईपर्यंत सोडायचा नाही. या वेळात काही बोलायला हवं अशी सक्ती नाही.

मग दोघांनी फोटो पाहावा, नीट पाहावा, आणि माझ्या पदरात ठेवून द्यावा. आभाने एकटीने नाही. दोघांनी. या वेळी जाणारी मी आहे, तो माझा आहे, आणि मी तो ह्यांना दाखवणार आहे.

त्याची दुसरी प्रत नसेल. पुढे कधी वाटलं की आई त्यात कशी दिसत होती, आपण कसे दिसत होतो, तर जगात ते सांगणारं एकच माणूस उरेल. अजेय, तू आभाला विचार. आभा, तू दादाला विचार.

येणेप्रमाणे सगळं वाचून, समजून, एक शब्दही न खोडता सही करत आहे.

(सही) निर्मला दिनकर आठल्ये

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली. आम्हाला यातून काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार १: (सही) सुपर्णा सान्याल, शेजारी. मराठी वाचता येत नाही. मजकूर निर्मलादीदींनी चहा पिता पिता बंगालीत सांगितला.

साक्षीदार २: (सही) डॉ. ऋषभ चौधुरी, कुटुंबाचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मला खिडकीपासून बाजूला व्हायला सांगितलं, उजेड अडतो म्हणून.

स्थळ: सॉल्ट लेक, कोलकाता
तारीख: १२ डिसेंबर २०२५