बुटातली बोटं

तीर्थरूप अण्णा,
पिठाने माखलेल्या हातांनी तुमच्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. बेकरीत आता केकवर क्रीमची नक्षी काढायचं काम मिळालंय. मालक ओरडतो, पण तो सगळ्यांवरच ओरडतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आधी त्याचा आवाज आला की माझी नक्षी वाकडी व्हायची. आमच्या कारागीर बाईंची मात्र कधीच नाही. काय बाई आहेत, अण्णा! डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर. त्यांनीच शिकवलं, "बुटातल्या बुटात पायाची बोटं घट्ट आवळ, मग श्वास सोडत सोडत सैल कर. कुणाला पत्ताही लागत नाही."

पहिल्या दिवशी मी वेंधळीने बोटांबरोबर मूठही आवळली. मुठीत क्रीमची पिशवी! केकवर डोंगरच उभा राहिला. बाईंनी लगेच त्याचं गुलाबाचं फूल केलं.

आई म्हणाली, तुमचा रिपोर्ट सोमवारी मिळणार. जेवण जातंय ना? डॉक्टरांपुढे बसलात की हेच करा. फक्त चपला नकोत, बूट घालून जा, नाहीतर आईला दिसेल.

त्या वेळी इथे माझीही बोटं आवळलेली असतील. तुमचा फोन आला की मगच सोडेन.

तुमची,
ठकी