डोहातल्या माहेरवाशिणी

मु. डोहवाडी, ता. खेड
मंगळवार, ता. १९ मार्च १९५७

चि. दादूस,

इकडं सगळं क्षेम हाय असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं. तुझी वहिनी खोकल्यानं बेजार. गाय व्याली, कालवड झाली.

तुझं पत्र पावलं. फोरमनसाहेब खूश झाले, तुझ्यासारखं मलाबी कंपनीत काम पक्कं, सोमवारी दापोडीला ये, म्हणतोस. वा रे पठ्ठ्या!

डोहाचं मात्र एका अक्षरानं इचारलं न्हाईस. भामा नदीच्या ह्या डोहातले खडशी मासे म्हंजे गावच्या माहेरवाशिणी. आपण गुरवांनी थाळी वाजवायची, कणकेचे गोळे टाकायचे, त्यांनी पायाशी यायचं. गळ टाकायची कुणाची छाती न्हवती. त्या शनिवारी गाव चाकणच्या बाजाराला गेलेलं बघून तू त्या फोरमनसाहेबाला आणलंस. "दादा, त्यांना नुसतं बघायचंय," म्हणालास. मी थाळी वाजवली. म्हाताऱ्या, लहानग्या, समद्या आल्या. आन् त्या मुडद्यानं इहीर फोडायचा सुरुंग पाण्यात टाकला! दोन पोती भरून तुमी गेलात.

आळ कुणावर आला ठाऊक हाय? आबाजी भोयावर. जातीनं मासेवाला, मंग दुसरं कोण? त्याला वाळीत टाकलं. लेकीचं ठरलेलं लगीन मोडलं. काल म्हातारा देवळाच्या पायरीशी येऊन म्हणला, "गुरवबाबा, तुमी रोज डोहावर असता. तुमीच सांगा की, आबाजी न्हवता म्हणून." मी त्याच्या हातावर तीर्थ घातलं आन् गाभाऱ्यात निघून गेलो. थू माझ्या जिनगानीवर!

तुला शिव्या घालायलाच बसलो होतो, पण एक गोष्ट लपवून पत्र पुरं व्हईना. साहेबानं पिशवीतनं सुरुंग काढला, वात पेटवली, ते मला दिसलं होतं. पाण्यात एक धोंडा मारला असता तर समद्या पांगल्या असत्या. पण कंपनीची नोकरी डोळ्यांपुढं आली आन् हात थाळी वाजवतच राह्यला.

सोमवारी मी येणार न्हाई. उद्या गावकी बसणार हाय. आधी माझं नाव सांगीन, मंग तुझं. देवळाची गुरवकी जाईल, जाऊ दे. पाडव्याला गावी आलास तर आधी आबाजीच्या दारात जा. तिथं जायची छाती नसंल तर घरचा उंबरा चढू नको.

तुझ्याहून वयानं थोरला, आन् पापानंही,
कोंडीराम