पंपाजवळचं वळण

सोमवार, ३ फेब्रुवारी

टोळची निवड झाली! पंधरवड्यावर जिल्ह्याची धावण्याची शर्यत, यंदा आमच्याच गावात, आणि आमच्या शाळेतून मुलींमध्ये ती एकटी. संध्याकाळी दप्तर दारातच टाकून ओरडत आत आली — "आजोबा, मी! मीच!" मी म्हणालो, "हळू, उंबरा आहे." सून म्हणाली, "बाबा, आधी शाबास तरी म्हणा."

म्हणालो मग. पण उंबरा होताच की.

नातीचे पाय बघावेत तर नुसते टोळाचे. नाव मीच ठेवलं, आता शाळेतही तेच चालतं. ती चालायला लागायच्या आधीपासून मी तिला हळू म्हणत आलोय. ऐकलं कधीच नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झोप नाही. काल जेवताना तिने उरलेलं सांगितलं. पहिल्या तिघींना शहरातल्या क्रीडा शाळेत जागा. राहणं, खाणं, बूट, सगळं तिकडेच. म्हणजे वसतिगृह. म्हणजे घर सोडून! "दहावीपर्यंत हो फक्त," म्हणाली, घास चावत — जणू कोपऱ्यावरून दूध आणायचंय.

सून खूश. मुलगा ट्रकवर असतो, तो फोनवर एवढ्याने ओरडला की टोळने फोन कानापासून लांब धरला. मीही खूश आहे असं सांगितलं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. ती चौथी यावी. पडू नये, लागू नये, रडू नये. नुसती चौथी यावी. प्रमाणपत्र चौथीलाही देतात. भिंतीवर छान दिसतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दर शुक्रवारी मुख्याध्यापक भोंग्यावरून आठवड्याचं कौतुक सांगतात. मी कुंपणाबाहेर उभा राहून ऐकतो, भाजी आणायला निघाल्यासारखा पिशवी घेऊन. आज एका मुलीला हस्ताक्षराचं बक्षीस. सातवीच्या पोरांनी भंगारातून वारा मोजायचं यंत्र केलं, ते सुरू करताना वारा पडला, मग सगळ्या वर्गाने मिळून फुंकलं. शाळेच्या बागेत भोपळा एवढा वाढला की ढकलगाडीतून स्टेजवर आणावा लागला. टाळ्या भोपळ्यालाच जास्त.

शेवटी टोळचं नाव. मी पाचवीत शाळा सोडली. तोवर माझं नाव मोठ्याने पुकारलं ते पट्टी मारायलाच. तिचं ऐकून कान गरम झाले.

मग खेळाच्या बाईंना फाटकात गाठलं. पाणी कुठे ठेवणार? धाप लागली तर? वाटेतल्या कालव्याला कठडा का नाही? डॉक्टर लांब आहेत का? बाई शिट्टी चावत ऐकत होत्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाई घरी आल्या. "आजोबा, एक काम कराल? पंपाजवळ रस्ता फुटतो. तिथल्या वळणावर उभं राहायचं आणि मुलींना डावीकडे पाठवायचं. झेंडा आम्ही देऊ."

मला कळलं सगळं. तोंड बंद राहावं म्हणून हाताला काम दिलं. तरी हो म्हणालो. उभी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली, झेंडा म्हटलं की हात आपोआप वर जातो. विचारलं, "लाल आणि हिरवा, दोन्ही देणार ना?"

"आजोबा, मुली येणारेत. मालगाडी नाही."

सून हसू दाबत आत पळाली. टोळ मात्र हसली नाही. माझ्याकडेच बघत होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वळण बघून आलो. खडीच खडी! खराटा मागून झाडून काढलं. पंपवाला म्हणतो, "काका, मंत्री येतोय का?" त्याचं कुत्रं तिथेच. नाव वकील, कारण येईल त्याची उलटतपासणी घेतं. माझीही घेतली, पिशवीसकट. म्हणालो, शनिवारी याला बांधून ठेव. "बांधतो हो. पण तो काही करत नाही." सगळे कुत्रेवाले हेच म्हणतात!

संध्याकाळी टोळ पायरीवर बसून बूट घालत होती.

"आजोबा, वळणावर तुम्ही काय ओरडणार?"

"डावीकडे, म्हणून ओरडणार."

"आणि मला?"

"तुला काय वेगळं? हळू म्हणीन. वळण आहे."

बांधलेली नाडी सोडून परत बांधत बसली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उद्या. झेंड्याला इस्त्री केली. सुनेने बघितलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

उजाडताच वळणावर जाऊन उभा राहिलो. सरळ रस्ता लांबपर्यंत दिसतो तिथून. आधी धूळ दिसली, मग मुली. पिवळ्या बनियनची एक पुढे. तिच्या मागे एक उंच. मग एक वेणीवाली. आणि मग टोळ — चौथी! अगदी मी मागितल्यासारखी चौथी! पडली नव्हती, लागलं नव्हतं, धापही दिसेना. सहज पळत होती आणि सारखी माझ्याकडे बघत होती.

मी झेंडा डावीकडे केला. पहिल्या तिघी वळल्या. टोळ जवळ आली. हळू म्हणायला तोंड उघडलं — आणि पंपाच्या मागून वकील निघाला! गळ्यात तुटलेली दोरी. भुंकणं नाही, काही नाही, गुपचूप थेट तिच्या टाचांमागे!

"पळ!" मी ओरडलो. "पळ गं टोळ! पळ! पळ!"

एवढा आवाज मी आयुष्यात एकदाच काढलाय, रुळावर म्हैस आली होती तेव्हा. टोळ दचकली. डोळे मोठे करून माझ्याकडे एकदा बघितलं. आणि जी सुटली! मागे वळूनही बघितलं नाही. वकील चार ढांगा पळाला, मग कंटाळला, परत येऊन माझ्या पायांशी आडवा झाला. वर चप्पल चाटली. पंपवाला म्हणाला, "बोललो होतो ना, तो काही करत नाही!"

वेणीवालीला तिने कालव्यापाशी मागे टाकलं, उंच पोरीला शाळेच्या फाटकात. दुसरी आली. दुसरी! मी पोचलो तेव्हा पोरं तिला खांद्यावर घेऊन नाचत होती. सून रडत होती. मुख्याध्यापकांना शुक्रवारपर्यंत दम निघेना, आजच भोंगा लावला. मी सगळ्यांना हात जोडत हिंडलो, काखेत झेंडा. तो परत कुणी मागितला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

घरात फक्त बॅगेची चर्चा. वसतिगृह तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणे. कठडे कसे असतील?

चौथी होती. माझ्याच तोंडाने घालवली. कुत्र्यापायी!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिचे बूट पुसत बसलो होतो. टोळ शेजारी येऊन बसली.

"आजोबा, रागावू नका. तुम्हाला वळणावर उभं करा, असं बाईंना मीच सांगितलं होतं."

"का गं?"

"मला ठरवताच येत नव्हतं. म्हटलं, आजोबा हळू म्हणाले की चौथी यायचं. घरीच राहायचं." मग हसली. "आणि तुम्ही तर पळ म्हणालात! तुम्ही!"

कुत्रं तिने बघितलंच नव्हतं. वकिलाचं नाव माझ्या जिभेवर आलं. तेवढं सांगितलं असतं तर बॅग परत माळ्यावर गेली असती.

"बाईंना अजूनही नाही म्हणता येईल," ती म्हणाली. "खरं सांगा. जाऊ?"

"पळ," मी म्हणालो.

या वेळी मागे कुत्रं नव्हतं.