न सांगता लावलेल्या बाह्या

रविवार, जून २००६. बेलवली

उद्यापासून मीनूच्या कॉलेजात मुलींना बिनबाह्यांचे ड्रेस बंद. सरकारची तोंडी सूचना आहे, कागद नाही, असं प्राचार्यांनी दुपारी फोनवर सांगितलं. गेटवर तपासायला स्वयंसेवक असतील. कोणाचे, असं विचारलं तर म्हणाले, "ते आमच्या हातात नाही." बातमी वेळेत पेपरला दिली.

संध्याकाळी कॅम्प दोन वस्तीतल्या शिंप्याकडून मीनूचा नवा ड्रेस आणला. त्याने न सांगता बाह्या लावल्या होत्या. "साब, सगळेच लावून घेतायत. बेटीला झमेल्यात कशाला टाकायचं?" मी पैसे दिले. खरं तर बरं वाटलं. कागद निघायच्या आत बाह्या लागल्या, आणि मला बरं वाटलं? लेकीने काय घालावं हे मी कधी ठरवलं नाही. मग सरकारने का ठरवावं?

मीनूने ड्रेस पाहिला आणि ब्लेड मागितलं. "बाबा, कागद नाही असं तुम्हीच लिहिलंत ना?"

तिची आई म्हणाली, "उसव. पण गेटवर बाबा नसतात."

दोन्ही बाह्या आता माझ्या टेबलावर पडल्या आहेत. सकाळी मी मीनूबरोबर गेटपर्यंत जाणार आहे. ते स्वयंसेवक आमच्या आधीच येऊन उभे असतील.